हिऱ्याचे पाणी आणि दिव्याची जात

घरात लग्नकार्य निघाले म्हणजे परप्रांती नोकरीवर असलेल्या मराठी कुटुंबाची जवाहिऱ्याच्या दुकानाशी गाठ पडतेच. बंगळुरात ती कधी कमर्शियल स्ट्रीटवर पडते, कधी जुन्या पेठेतल्या अरुंद गल्लीत. मखमलीवर ठेवलेल्या हिऱ्याच्या कुड्या दुकानात अशा काही झळकतात की गृहिणीचा निर्णय तेथेच होऊन जातो. आणि त्याच कुड्या घरी आणून बैठकीच्या पांढऱ्या नळीच्या दिव्याखाली पाहिल्या म्हणजे त्या थोड्या ओशाळल्यासारख्या दिसू लागतात. मग शंका येते, 'फसलो तर नाही?' बहुधा फसलेले नसतो. खडा तोच असतो. बदललेला असतो तो दिवा. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याकडे कोणी इतिहासाचा विषय म्हणून पाहात नाही. वस्तुतः या लहानशा शंकेचा धागा हाती धरून मागे मागे गेले, तर तो आपल्याला अदिलशाहीतील खाणींपर्यंत, त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यापर्यंत आणि पेशवाईच्या अखेरीपर्यंत घेऊन जातो. आणि ज्या बंगळुरात बसून आम्ही हे लिहीत आहो, त्या शहराचाही या कथेत मोठा वाटा आहे.

मराठीत हिऱ्याच्या तेजाला 'पाणी' म्हणतात, आणि त्याच्या अंगावर घडविलेल्या सपाट तोंडांना 'पैलू'. पाणी निसर्गाने दिलेले असते आणि पैलू माणसाने पाडलेले. हा भेद आपल्या भाषेने फार पूर्वी केला आहे. परंतु तेज दिसण्यासाठी एक तिसरी गोष्ट लागते, तिचे नाव मात्र या शब्दांत कोठेच नाही. ती गोष्ट म्हणजे दिवा. पाणी, पैलू आणि दिवा या तिघांचा मेळ प्रत्येक काळाने आपापल्या परीने घातला. आणि एका काळाने घातलेला मेळ दुसऱ्या काळाला बेढब वाटला. या वाटण्यापायी काही हिऱ्यांना आपले निम्मे अंग गमवावे लागले. त्यांतील एक हिरा आपल्या नाशिकचा होता.

प्रथम हिऱ्याच्या अंगी काय असते ते पाहू. प्रकाश हवेतून हिऱ्यात शिरतो तेव्हा त्याचा वेग सुमारे अडीच पटींनी मंदावतो. शास्त्राच्या भाषेत हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२ आहे. पाण्याचा तो १.३३ आणि साध्या काचेचा सुमारे १.५ असतो. याचे दोन परिणाम होतात. एक असा की, हिऱ्याच्या पृष्ठावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सतरा टक्के प्रकाश आत न शिरता तेथूनच परततो. काचेवरून जेमतेम चार टक्के परततो. कच्च्या खड्यालाही जी धातूसारखी लकाकी असते ती यामुळे. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. आत शिरलेला किरण बाहेर पडू पाहतो तेव्हा तो पृष्ठाला जवळजवळ काटकोनात भेटला पाहिजे. काटकोनाच्या रेषेपासून साडेचोवीस अंशांहून अधिक कललेला किरण हिरा बाहेर सोडतच नाही, आरशाप्रमाणे आत परत फेकतो. काचेच्या बाबतीत ही मर्यादा बेचाळीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे हिरा हा प्रकाशाला आत घेण्यास उदार आणि बाहेर सोडण्यास कृपण असा धनी आहे. कारागिराने खालचे पैलू योग्य कोनात पाडले, तर वरून आलेला किरण तळाशी दोन वेळा उलटून पुन्हा वरच्याच बाजूने, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत बाहेर पडतो. तळ फार उथळ झाला तर प्रकाश खालून निसटतो आणि खडा काचेच्या तुकड्यासारखा आरपार दिसतो. फार खोल झाला तर प्रकाश बगलेने जातो आणि मध्यभागी काळोख राहतो.

यावर आणखी एक गुण आहे. हिरा तांबड्या किरणाला कमी आणि जांभळ्या किरणाला अधिक वाकवतो, आणि दोहोंतील अंतर साध्या काचेच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे पांढरा प्रकाश बाहेर पडताना रंगांत फुटतो. याला जवाहीर 'आग' म्हणतात. मात्र ही आग दिसायची तर प्रकाशाचा उगम लहान असावा लागतो आणि भोवती काळोख असावा लागतो. अभ्राच्छादित आकाशाखाली किंवा लांब नळीच्या दिव्याखाली प्रकाश सर्व बाजूंनी येतो. एका दिशेने आलेल्या किरणाचा तांबडा रंग दुसऱ्या दिशेने आलेल्याच्या निळ्यावर पडतो आणि सर्व रंग मिळून पुन्हा पांढरे होतात. समईच्या एका ज्योतीपुढे तोच खडा ठेवला तर रंग वेगवेगळे दिसतात. ज्योत हलली, हात हलला, मान हलली, की एक पैलू विझतो आणि दुसरा पेटतो. पैलू थोडे आणि मोठे असतील तर झळाळी क्वचित पण ठसठशीत येते. पैलू पुष्कळ आणि लहान असतील तर बारीक चमचम अखंड चालू राहते. आजच्या दुकानांत छताला डझनांनी बारीक दिवे लावलेले असतात, त्याचे कारण हेच. तेथे प्रत्येक पैलूला कोणता ना कोणता दिवा सापडतोच.

आता इतिहासाकडे वळू. सतराव्या शतकात झां-बाप्तिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहीर अनेकदा हिंदुस्थानात आला. त्याचे प्रवासवृत्त १६७६ साली पॅरिसला प्रसिद्ध झाले. गोवळकोंड्याच्या राज्यातील कोल्लूरची खाण त्याने पाहिली, आणि तिच्याआधी विजापूरच्या मुलखातील रावलकोंड्याचीही पाहिली. ज्या काळात तो या भागात फिरत होता, त्याच काळात विजापूरचे एक मातबर सरदार शहाजीराजे भोसले बंगळूरच्या जहागिरीवर होते. १६३८ नंतर हे शहर त्यांच्याकडे आले होते. म्हणजे हिऱ्यांच्या खाणींचा एक मोठा पट्टा आणि आमचे हे शहर तेव्हा एकाच छत्राखाली नांदत होते.

ताव्हेर्नियेने येथील व्यापाऱ्यांची जी पारख नोंदविली आहे, ती आमच्या विषयाच्या दृष्टीने अमोल आहे. तो सांगतो की युरोपात कच्चा हिरा दिवसाच्या उजेडात पाहतात, पण हिंदी व्यापारी तो रात्री पाहतात. भिंतीत हातभर लांबीरुंदीचा कोनाडा करून त्यात जाड वातीचा दिवा ठेवतात, आणि चिमटीत खडा धरून त्या उजेडात त्याचे पाणी व निर्मळपणा जोखतात. आणि खड्यात निळसर झाक आहे की काय, अशी शंका आली तर तो दाट पानांच्या झाडाखाली नेतात. हिरव्या सावलीत ती झाक लपत नाही. या दोन्ही चाचण्यांमागे पुस्तकी शास्त्र नव्हते, परंतु पाहण्याचे शास्त्र निश्चित होते. कोनाड्यातील एकच ज्योत खड्यातील तडा, जाळी आणि डाग उघड करते, कारण प्रकाश एकाच दिशेने येतो आणि भोवतालचा काळोख डोळ्याला दुसरीकडे भरकटू देत नाही. झाडाखाली थेट ऊन नसते, मात्र आकाशाचा विखुरलेला प्रकाश असतो. त्यात आग मालवते आणि खड्याचा अंगचा रंग तेवढा उरतो. आजचे परीक्षक चमचमीला चकण्यासाठी सम आणि विखुरलेला पांढरा प्रकाश वापरतात आणि दोष पाहण्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर बाजूने प्रकाश सोडतात. साधने बदलली, कोनाडा आणि झाड यांचे काम मात्र तेच राहिले.

याच ताव्हेर्नियेने येथील पैलू पाडणाऱ्यांविषयी जे लिहिले, त्यातून पुढे एक दीर्घ गैरसमज निघाला. तो म्हणतो की खडा निर्मळ असेल तर हिंदी कारागीर त्याला वरून-खालून सहाणेचा स्पर्श तेवढा करतात आणि वजन घटेल या भीतीने त्याला विशेष आकार देत नाहीत. खड्यात दोष असेल तर मात्र तो झाकण्यासाठी त्यावर पुष्कळ पैलू पाडतात. युरोपीय वाचकाने यातून 'हिंदी कारागिराला कला येत नाही' एवढाच अर्थ घेतला. पण या वाक्यांतून दुसराही अर्थ निघतो, आणि तो असा की येथे पैलू ही दोषाची खूण होती. निर्मळ हिऱ्याला झाकायचे काहीच नसते. त्याची प्रतिष्ठा त्याच्या पाण्यात आणि वजनात असते. आपल्या प्राचीन रत्नपरीक्षेच्या ग्रंथांनी उत्तम हिऱ्याचे लक्षण सहा कोटी, आठ बाजू आणि बारा धारा असे सांगितले आहे. हे वर्णन निसर्गतः घडलेल्या अष्टफलकाला तंतोतंत लागू पडते. जेथे निसर्गाने दिलेले रूपच उत्तम मानले, तेथे कारागिराने ते मोडू नये हा दंडक ओघानेच आला.

हा दंडक मोडला तर काय होई, तेही ताव्हेर्नियेच सांगतो. मोगल बादशहाकडे असलेला एक प्रचंड हिरा, जो पुढे युरोपात 'ग्रेट मोगल' या नावाने ओळखला गेला, तो होर्तेन्सियो बोर्जिओ नावाच्या व्हेनिसच्या कारागिराकडे पैलू पाडण्यास दिला होता. मूळचा आठशे कॅरटच्या आसपासचा तो खडा घासता घासता सुमारे २८० कॅरटवर आला. बोर्जिओला मजुरी मिळाली नाहीच. उलट दहा हजार रुपये दंड झाला. ताव्हेर्निये पुढे म्हणतो की त्याच्यापाशी आणखी पैसे असते तर तेही घेतले असते. म्हणजे वजन राखण्याचा आग्रह अज्ञानातून आलेला नव्हता. राज्यकर्त्यांचा तो विचारपूर्वक धरलेला पक्ष होता, आणि त्यामागे रत्नशास्त्राची परंपरा होती.

या पार्श्वभूमीवर नाशिकच्या हिऱ्याची हकीकत पाहावी. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव 'नॅसक डायमंड' असे झाले आहे. परंपरा असे सांगते की गोवळकोंड्याच्या खाणीतून निघालेला हा खडा नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी शिवचरणी होता. ज्योतिर्लिंगाचे आजचे काळ्या पाषाणाचे देऊळ अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतले. ज्यांनी त्र्यंबकेश्वराचा गाभारा पाहिला आहे त्यांना तेथील प्रकाश आठवत असेल. दाराशी दिवस असतो आणि आत पाऊल टाकले की रात्र. अशा ठिकाणी तेलातुपाच्या चार ज्योतींपुढे, नव्वद कॅरटचा, मोठ्या पैलूंचा निर्मळ खडा कसा दिसला असेल, हे वर सांगितलेल्या नियमांवरून आपण ताडू शकतो. बारीक चमचम त्यात नसणार. परंतु ज्योत हलली की एखादा रुंद पैलू एकदम पेटावा, त्यातून तांबडानिळा पट्टा निघावा आणि क्षणात विझावा, असे त्याचे तेज असणार. शेकडो माणसांनी चारी बाजूंनी पाहण्याची वस्तू ती नव्हती. लांबून, काळोखातून, हात जोडून पाहण्याची ती वस्तू होती. आणि तेवढ्यापुरता तिचा आकार तिला शोभत होता.

१८१८ च्या जूनमध्ये दुसरे बाजीराव शरण गेले. त्या युद्धाच्या अखेरीस हा हिरा कर्नल ब्रिग्ज यांच्या हातून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्याकडे गेला आणि तेथून ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीचा होऊन लंडनच्या बाजारात आला. तेथे त्याचे वर्णन झाले ते असे की पाण्याने अत्यंत निर्मळ, आकाराने मात्र वाईट. वजन जुन्या मापाने पावणेनव्वद कॅरट आणि आकार काहीसा नासपतीसारखा. रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो सुमारे तीन हजार पौंडांना घेतला आणि आपल्या कारागिराकडून त्याला नवे पैलू पाडविले. या पेढीच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हिंदी कारागिराच्या रेषा शक्य तो सोडू नयेत, दोष तेवढे दुरुस्त करावेत, अशा धोरणाने हे काम झाले. म्हणूनच त्या वेळी हिऱ्याचा आठवा भागच गेला आणि जुन्या मापाचे साडेअठ्ठ्याहत्तरांहून किंचित अधिक कॅरट उरले. १८३१ मध्ये पेढीने तो सुमारे ७,२०० पौंडांना विकला. १८३७ मध्ये तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्याकडे गेला, आणि त्यांनी तो आपल्या समारंभाच्या तलवारीच्या मुठीत बसविला. शिवाच्या चरणांवरून तो एका सरदाराच्या कमरेशी आला. दिवेही अर्थात बदलले. समयांच्या जागी काचेची झुंबरे आली.

आकार वाईट हा लंडनचा निवाडा खरा होता की खोटा? लंडनपुरता तो खराच होता. शेकडो मेणबत्त्यांच्या दालनात, चारी बाजूंनी येणाऱ्या उजेडात, रुंद पैलूंचा आणि बेताच्या खोलीचा खडा मंद दिसतो, यात संशय नाही. चूक एवढीच झाली की निवाडा देणाऱ्याने दिव्याचा उल्लेख गाळला आणि सारा दोष कारागिराच्या पदरी टाकला.

हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर कोहिनूरच्या बाबतीत घडला. पंजाबच्या पाडावानंतर १८४९ मध्ये तो बालवयीन महाराजा दुलीपसिंग यांच्याकडून इंग्रजांनी घेतला आणि १८५१ साली लंडनच्या स्फटिकगृहातील जागतिक प्रदर्शनात मांडला. पाहावयास लोटलेल्या लोकांची निराशा झाली. अवघी इमारत काचेची. प्रकाश छतातून, भिंतींतून, सर्व बाजूंनी येणारा. आग मालविण्यासाठी याहून उत्तम जागा मुद्दाम शोधूनही सापडली नसती. लोक म्हणू लागले की ही तर साधी काच! मग व्यवस्थापकांनी हिऱ्याभोवती कापडाचा आडोसा करून, आरसे आणि वायुदीप लावून त्याला काळोख आणि ज्योती पुरविल्या. म्हणजे न कळत त्यांनी ताव्हेर्नियेने पाहिलेला कोनाडाच पुन्हा उभारला. त्याने काही अंशी काम साधले, पण पुरते समाधान झाले नाही. शेवटी १८५२ मध्ये राजपती आल्बर्ट यांच्या देखरेखीखाली, ॲमस्टरडॅमच्या कोस्टर पेढीचे कारागीर आणून, वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या चाकावर त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. काम अडतीस दिवस चालले, आठ हजार पौंड खर्च झाला, आणि जुन्या मापाने १८६ कॅरटचा खडा १०५.६ कॅरटवर आला. चाळीस टक्क्यांहून अधिक हिरा धूळ झाला. दिवा बदलण्याऐवजी हिरा बदलला, असे या प्रकरणाचे एका वाक्यात वर्णन करता येईल.

येथे आम्हांस एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. 'आमचे पूर्वज सर्वज्ञ आणि परके सारे अरसिक', अशी मांडणी करणे सोपे आहे आणि परप्रांती असलेल्या माणसाला ती गोडही लागते. पण ती खरी नाही. पैलूंची विद्या युरोपात खरोखर पुढे गेली. सतराव्या शतकापासून तेथील कारागिरांनी अनुभवाने कोन सुधारत नेले. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की या तरुण अभियंत्याने गणिताने दाखवून दिले की गोल खड्याच्या तळाचे पैलू सुमारे पावणेएक्केचाळीस अंशांनी आणि माथ्याचे साडेचौतीस अंशांनी उतरते ठेवले, तर परतणारा प्रकाश आणि रंगांची आग यांचा उत्तम तोल साधतो. आज ज्या अठ्ठावन्न पैलूंच्या गोल हिऱ्याला आपण सहजपणे 'हिरा' म्हणतो, त्याची मापे या गणिताभोवतीच फिरत असतात. आणि गंमत अशी की हे गणित पाळून जगातील बहुसंख्य हिऱ्यांना आज पैलू पाडतात ते आपल्या सुरतेचे कारागीर. विद्या कोणा एका देशाची राहिली नाही, हे चांगलेच झाले. आमचा आक्षेप विद्येवर नाही. नव्या खाणीतल्या खड्याला नवे पैलू पाडणे आणि शतकांचा इतिहास अंगावर वागविणाऱ्या खड्याचे अंग छिलणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नाशिकच्या हिऱ्याच्या नशिबी हे छिलणे दुसऱ्यांदा आले. १९२७ मध्ये वेस्टमिन्स्टर घराण्याने तो मोबुसां या पॅरिसच्या जवाहिराकरवी विकावयास काढला. तो अमेरिकेत पोचला तेव्हा जकातीचा वाद उभा राहून न्यायालयात गेला. हा खडा प्राचीन कलावस्तू मानावयाचा की दागिन्यात बसविण्याजोगे जवाहीर, हा त्या वादाचा गाभा होता. हा प्रश्न जकातीपुरता वकिली असेल. पण आमच्या मते या हिऱ्यासंबंधी विचारला गेलेला हाच खरा प्रश्न होता. बाजाराने त्याचे उत्तर आपल्या कृतीने दिले. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो घेतला आणि पुन्हा पैलू पाडवून चौकोनी पाचूघाटाचा, निर्दोष, ४३.३८ कॅरटचा केला. जुना आणि नवा कॅरट यांत थोडा फरक आहे, म्हणून आपण ग्रॅममध्ये हिशेब करू. लंडनला पोचला तेव्हा हिरा सुमारे साडेअठरा ग्रॅमचा होता. १८३१ मध्ये तो सुमारे सोळा ग्रॅमचा राहिला; १९४० नंतर पावणेनऊ ग्रॅमांहून किंचित कमी. निम्म्याहून अधिक हिरा संपला. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात याच उरलेल्या खड्याला पाच लाख डॉलर आले. बाजाराच्या हिशेबात काहीच तोटा झाला नाही.

आता बंगळूरकडे येऊ. ज्या दशकात न्यूयॉर्कमध्ये नाशिकच्या हिऱ्याचे अंग छिलले जात होते, त्याच दशकात या शहरात काही माणसे हिऱ्यांकडे एका वेगळ्याच हेतूने पाहात होती. चंद्रशेखर व्यंकट रामन १९३३ साली येथील भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून आले. संचालकपद १९३७ मध्ये सुटले, तरी भौतिकीचे प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तेथे राहिले, आणि नंतर त्यांनी याच शहरात आपली स्वतंत्र संशोधन संस्था उभारली. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या या शास्त्रज्ञाला हिऱ्याने अक्षरशः वेड लावले होते. पन्नाच्या खाणींपर्यंत जाऊन त्यांनी हिरे मिळविले. परंतु त्यांना हवे असत ते पैलू न पाडलेले, निसर्गाने घडविले तसे खडे. शुद्ध कार्बनच्या या स्फटिकात अणू कसे रचलेले आहेत आणि ते कसे कंप पावतात, हे त्यांना प्रकाशाकडूनच ऐकावयाचे होते.

त्यांच्या प्रयोगशाळेत आर. एस. कृष्णन यांनी हिऱ्यातून विखुरलेल्या प्रकाशाचे सूक्ष्म वर्णपट टिपले, जी. एन. रामचंद्रन यांनी क्ष-किरणांनी खड्यांच्या आतील रचनेची चित्रे घेतली. ॲना मणी या तरुण संशोधिकेने तीसहून अधिक हिऱ्यांची दीप्ती अभ्यासली. वर्णपटाची एक काच उमटण्यास पंधरा-वीस तास लागत, आणि त्यासाठी त्यांनी अनेक रात्री प्रयोगशाळेतच काढल्या. पदव्युत्तर पदवी नाही या कारणास्तव त्यांना पीएच.डी. मिळाली नाही, पुढे त्या हवामान खात्यात पुण्यास आल्या आणि भारतात हवामानाची उपकरणे बनविण्याचे मोठे कार्य त्यांनी उभे केले. पुण्याच्या वाचकांना त्यांची ही दुसरी ओळख अधिक परिचयाची असेल. पहिली ओळख बंगळूरच्या हिऱ्यांची होती.

या मंडळींनी जे पाहिले ते जवाहिराच्या दिव्याला दिसणारे नव्हते. जंबुपार किरणांत काही हिरे निळे उजळतात, काही पिवळट-हिरवे, काही मुळीच उजळत नाहीत. काही हिरे जंबुपार किरणांना बऱ्याच अंशी वाट देतात, काही अडवितात. उघड्या डोळ्याला सारखे वाटणारे दोन खडे या दिव्याखाली निराळ्या जातींचे ठरतात. रानातल्या झाडाखाली हिरा धरणाऱ्या व्यापाऱ्याला जी निळी झाक दिसे, तिच्यातही कदाचित उन्हातील जंबुपार किरणांनी जागी केलेली दीप्ती असेल, असे आम्हांस वाटते. या जातिभेदाचे रामन यांनी दिलेले स्पष्टीकरण मात्र टिकले नाही. त्यांनी तो कार्बनच्या रचनेतील सममितीवर लावला होता आणि त्यासाठी परदेशी शास्त्रज्ञांशी दीर्घ वादही घातला. १९५९ मध्ये दिसून आले की हा फरक हिऱ्यात मिसळलेल्या नायट्रोजनाच्या अणूंमुळे पडतो. गोवळकोंड्याच्या अत्यंत निर्मळ खड्यांत हा नायट्रोजन जवळजवळ नसतो. त्यांच्या ख्यातीचे एक कारण हेच. रामन यांचा सिद्धान्त चुकला, परंतु त्यांच्या शिष्यांनी टिपलेले वर्णपट चुकले नाहीत. ते शास्त्राच्या पदरी पडले. आणि ज्या खड्यांवर हे सारे ज्ञान मिळविले, त्यांतील निसर्गाचे रूप कोणी मोडले नाही. हिऱ्याला न छिलता केवळ दिवा बदलून त्याच्याकडून काय काय काढता येते, याचा हा बंगळूरचा धडा आहे.

अशा रीतीने एकाच शतकात हिऱ्याकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्यासमोर उभ्या राहतात. एक म्हणते, 'माझ्या दिव्याखाली तू शोभत नाहीस, तेव्हा तू बदल.' दुसरी म्हणते, 'तू आहेस तसा मला कळावास, म्हणून मी दिवा बदलतो.' व्यापाराला पहिली रीत लागते आणि तिला आम्ही सरसकट दोष देत नाही. परंतु इतिहासाच्या वस्तूंना दुसरी रीतच लागू केली पाहिजे.

परदेशी गेलेली रत्ने परत यावीत, अशी मागणी आपल्याकडे मधून मधून उठते. तिच्यामागील भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु नाशिकच्या हिऱ्यापुरते बोलावयाचे तर जो खडा बाजीरावाच्या शरणागतीनंतर गेला, तो आता जगात कोठेच नाही. त्यातला पावणेनऊ ग्रॅमांचा गाभा आहे. वरचे, ज्यावर येथल्या कारागिराच्या रेषा होत्या, ते अंग लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या चाकांवर धूळ झाले. उद्या तो गाभा सन्मानाने त्र्यंबकेश्वरी आणून ठेवला, तरी गाभाऱ्यातल्या ज्योती त्याला ओळखणार नाहीत. म्हणून आमचे म्हणणे असे की परत मागण्याच्या यादीबरोबर आपण दुसरीही एक यादी करावी: आज आपल्याजवळ जे शाबूत आहे त्याची. जुन्या देवस्थानांतील दागिने, संस्थानिकांच्या पेट्यांतील खडे, घराघरांतल्या आजीच्या कुड्या यांतील जुने, ओबडधोबड पैलूंचे हिरे आजही 'नव्या फॅशनचे' करून घेण्यासाठी सर्रास मोडले जातात. ही मोडतोड करावयास कोणी परकी पेढी येत नाही. आपणच आपल्या हाताने ते खडे जवाहिऱ्याकडे नेऊन देतो.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी असा एखादा जुना खडा असेल. तो मंद आहे, अशी तक्रार करण्यापूर्वी त्यांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. रात्री घरातील सारे विजेचे दिवे मालवावेत, देवापुढची समई तेवढी तेवत ठेवावी, आणि खडा चिमटीत धरून तिच्या उजेडात हळूहळू फिरवावा. तो ज्या दिव्यासाठी घडविला गेला, तो दिवा त्याला पुन्हा मिळेल. मग त्याला मोडावयाचे की नाही, ते खुशाल ठरवावे.